पोच न मागता भरवसा देणारा नॉर्म : एक परीक्षण

एका वाहनातून वीस वाहनांना नकाशाची एक फाइल पाठवायची आहे, सगळ्यांचे बिनतारी संच एकाच वाहिनीवर आहेत, त्या वाहिनीची एकूण क्षमता सेकंदाला ६४ किलोबिट आहे आणि वीसपैकी कोणते ना कोणते वाहन दर थोड्या वेळाने टेकडीआड जात आहे. फाइल १० लाख बाइटची, म्हणजे ८० लाख बिटांची, धरली तर ती एकदा पाठवायला १२५ सेकंद लागतात. तीच प्रत्येकाला वेगवेगळी पाठवली तर २,५०० सेकंद, म्हणजे चाळीस मिनिटांहून अधिक वेळ जातो, आणि तोही एकसुद्धा पॅकेट, म्हणजे माहितीचा एकही तुकडा, हरवले नाही तर. लष्करी बिनतारी जाळ्यावर इंटरनेटच्या पद्धतीने माहिती भरवशाने पोहोचवायची म्हणजे नेमके कोठे अडते, हे या एका उदाहरणात पुरते दिसते. गेले काही महिने मी जे साधन वापरून पाहत आहे त्याची परीक्षाही म्हणूनच याच उदाहरणावर घेतली.

त्या साधनाचे नाव नॉर्म. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत ते तयार झाले. पाठवणाऱ्याने प्रत्येकाकडून पोच मागायची नाही, ज्याला काही मिळाले नसेल त्यानेच तेवढ्यापुरती तक्रार करायची, या तत्त्वावर चालणारे हे भरवशाचे मल्टिकास्ट, म्हणजे एकदाच पाठवून अनेकांना पोहोचवणे, आहे. याच प्रयोगशाळेच्या एमडीपी या आधीच्या प्रोटोकॉलमधून (संवादाच्या नियमावलीतून) ते पुढे आले, २००४ साली आरएफसी ३९४० (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धतींचे क्रमांकित दस्तऐवज) म्हणून प्रायोगिक स्वरूपात प्रसिद्ध झाले आणि २००९ साली आरएफसी ५७४० म्हणून त्याला मानकाच्या मार्गावरचे स्थान मिळाले. प्रयोगशाळेने लिहिलेली सी++ लायब्ररी कोणालाही खुली आहे, तिला सी, जावा आणि पायथनमधून हाक मारता येते, आणि सोबत फाइल पाठवण्याचे व घेण्याचे छोटे नमुना प्रोग्रामही मिळतात. खाली जे लिहिले आहे ते या लायब्ररीविषयी आहे, पण प्रोटोकॉल समजल्याशिवाय तिचे गुणदोष सांगता येत नाहीत, म्हणून थोडे मागे जावे लागेल.

इंटरनेटवर पोच घेऊन माहिती पोहोचवणारे नेहमीचे टीसीपी असताना आणखी एका साधनाची गरज काय, हा पहिला प्रश्न रास्तच आहे. त्यातली गंमत अशी की इंटरनेटचा जन्मच मुळी लष्करी बिनतारीच्या गरजेतून झाला आहे. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्को परिसरात धावणाऱ्या एका व्हॅनमधून निघालेली पॅकेटे आधी पॅकेट रेडिओच्या जाळ्यावरून, मग उपग्रहाच्या जाळ्यावरून अटलांटिकपार आणि शेवटी अर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावरून पुन्हा कॅलिफोर्नियात पोहोचली होती. तीन वेगळ्या जातींची जाळी एकत्र चालू शकतात हे त्या दिवशी दिसले. पुढे मात्र तारांचे जाळे वाढले आणि त्याचे दुखणे वेगळे निघाले. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि विद्यापीठ या जेमतेम चारशे यार्ड अंतरावरच्या दोन ठिकाणांमधला वेग गर्दीमुळे सेकंदाला ३२ किलोबिटांवरून ४० बिटांवर कोसळला. त्यावर व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये जो उपाय मांडला त्यात हरवलेले पॅकेट म्हणजे वाटेत गर्दी झाल्याची खूण, असे धरून पाठवणाऱ्याने वेग कमी करायचा असतो. तारांवर हे अनुमान बहुतेक वेळा बरोबर ठरते. बिनतारीवर पॅकेट हरवते ते टेकडीमुळे, झाडीमुळे, शत्रूच्या जॅमिंगमुळे किंवा अँटेना एका बाजूला कलल्यामुळे, आणि तेथे वेग कमी केल्याने कोणाचेच भले होत नाही.

टीसीपी टेकडीआड कसे वागते हे आकड्यांत पाहण्याजोगे आहे. पोच आली नाही की ते आधी एक सेकंद थांबते असे धरू. मग दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस असा प्रत्येक खेपेला वाट पाहण्याचा काळ दुप्पट होत जातो. म्हणजे पुन्हा पाठवण्याचे प्रयत्न पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या, एकतिसाव्या आणि त्रेसष्टाव्या सेकंदाला होतात. वाहन चाळिसाव्या सेकंदाला टेकडीतून बाहेर आले, संचावर सिग्नल पूर्ण दिसू लागला, तरी टीसीपी आणखी तेवीस सेकंद हूं की चूं करत नाही, आणि त्यानंतरही एकेका तुकड्यापासून पुन्हा चालायला शिकते. तोपर्यंत पुढची टेकडी आलेली असते. यावर मधल्या राउटरमध्ये टीसीपीच्या वतीने पोच देणारी मध्यस्थ यंत्रणा बसवण्याचा उपाय उपग्रहाच्या दुव्यांवर सर्रास केला जातो, पण लष्करी जाळ्यात संगणक आणि संच यांच्यामध्ये सांकेतीकरण करणारे यंत्र असते. त्या यंत्रापलीकडे टीसीपीचा हेडरच, म्हणजे पॅकेटाच्या सुरुवातीची नोंदच, दिसत नाही, मग मध्यस्थाने मध्यस्थी कशाची करायची? म्हणून भरवशाची सोय सांकेतीकरणाच्या अलीकडे, संगणकातच, असावी लागते. नॉर्म तेथेच बसते, कारण ते पोच न घेणाऱ्या साध्या यूडीपीवर चालणारे आहे आणि मधल्या यंत्रांना त्याच्याबद्दल काही ठाऊक असण्याची गरज नाही.

आता त्याचा खरा मोठेपणा. वीस वाहनांपैकी प्रत्येकाकडे जाताना दहापैकी एक पॅकेट हरवते आणि प्रत्येकाचे हरवणे स्वतंत्र आहे असे धरले, तर एखादा तुकडा विसाच्या वीस जणांना पहिल्याच खेपेला मिळण्याची शक्यता ०.९ चा विसावा घात, म्हणजे सुमारे १२ टक्के, इतकीच उरते. उरलेले ८८ टक्के तुकडे कोणा ना कोणाला मिळालेले नसतात. ६४ तुकड्यांचा गट असेल तर त्यातले ५६ तुकडे पुन्हा पाठवावे लागतील. म्हणजे मल्टिकास्ट केले तरी फाइल जवळजवळ दुसऱ्यांदा पाठवल्यासारखीच झाली. नॉर्म तसे करत नाही. प्रत्येक गटासाठी ते रीड-सॉलोमन पद्धतीने भरपाईचे तुकडे तयार करते आणि त्यांचा गुण असा की ६४ च्या गटात ज्याला जितके तुकडे कमी पडले असतील तितके कोणतेही भरपाईचे तुकडे मिळाले की त्याचा गट पुरा होतो. एकाला तिसरा तुकडा मिळाला नाही, दुसऱ्याला चाळिसावा, तिसऱ्याला शेवटचा. तिघांनाही भरपाईचा एकच तुकडा पुरतो. त्यामुळे कोणाला काय हवे याला महत्त्व राहत नाही, सर्वांत दुर्दैवी वाहनाला किती कमी पडले एवढाच प्रश्न उरतो. दहा टक्क्यांच्या हिशेबाने प्रत्येकाचे सरासरी सहा-सात तुकडे जातात, वीस जणांतल्या सर्वांत दुर्दैवी वाहनाचे अकरा-बारा जातील, आणि भरपाईतलेही एकदोन वाटेत जातील. छपन्नच्या जागी तेरा-चौदा तुकड्यांत काम भागते. मी सुरुवातीला सांगितलेली फाइल या हिशेबाने अडीच मिनिटांच्या आसपास सर्वांकडे पोहोचायला हवी. चाळीस मिनिटे आणि अडीच मिनिटे यांतला फरक रणभूमीवर काय असतो ते वेगळे सांगायला नको.

परीक्षणासाठी मी आधी खरे संच घेतलेच नाहीत. याच प्रयोगशाळेचे कोअर आणि एमेन हे दोन प्रोग्राम मिळून एकाच संगणकात वीस-पंचवीस आभासी संगणक आणि त्यांच्यामधली बिनतारी वाहिनी उभी करतात, त्यात अंतर, अडथळे आणि पॅकेट हरवण्याचे प्रमाण आपल्याला ठरवता येते, आणि एखादे वाहन नकाशावर माउसने ओढून टेकडीआड नेता येते. पहिली सकाळ मी स्वतःच्याच चुकीने वाया घालवली. पाठवणारा प्रोग्राम विनातक्रार चालू होता, पडद्यावर पाठवलेल्या बाइटांचा आकडा चढत होता आणि एकाही वाहनाकडे एक बाइटसुद्धा पोहोचत नव्हती. संगणकाला एकाहून अधिक जाळ्यांची तोंडे असली तर मल्टिकास्ट कोणत्या तोंडाने बाहेर पडायचे हे स्पष्ट सांगावे लागते. मी ते सांगितले नव्हते आणि माझी सगळी पॅकेटे आभासी बिनतारीऐवजी कार्यालयाच्या वायफायवर जात होती. टीसीपी असते तर जोडणीच झाली नसती आणि चूक पहिल्या मिनिटाला कळली असती. पोच न मागणाऱ्या साधनाची ही दुसरी बाजू आहे: कोणीच ऐकत नसले तरी ते आनंदाने बोलत राहते.

जाळे नीट लागल्यावर मात्र जे दिसले ते पाहत बसावे असे होते. मी टीसीपीडंप हा पॅकेटे टिपणारा प्रोग्राम लावून एका वाहनाकडे येणारी-जाणारी पॅकेटे पाहत होतो. गट संपला, क्षणभर शांतता झाली, मग सातव्या वाहनाची एक छोटीशी तक्रार गेली, आणि उरलेल्यांपैकी बहुतेक जण गप्प राहिले, जरी त्यांच्याकडेही तुकडे कमी होते. हे मौन ठरवून पाळलेले असते. ज्याला काही कमी पडले आहे तो लगेच ओरडत नाही. तो एक यादृच्छिक काळ थांबतो, आणि तेवढ्यात दुसऱ्या कोणी आपल्याइतकीच किंवा आपल्याहून मोठी मागणी केलेली कानावर आली तर स्वतःची तक्रार गिळून टाकतो. एका वेळी एकानेच बोलायचे असते अशा वाहिनीवर ही शिस्त फार मोलाची आहे, कारण तेथे प्रत्येक वेळी बोलायचे बटण दाबणे म्हणजे संच ग्रहणातून प्रक्षेपणात जाणे, सांकेतीकरणाचा मेळ जमवणे आणि मगच चार बाइट पाठवणे. वीस पोचांनी जितकी वाहिनी खाल्ली असती तेवढ्यात पुढचा गट निघून जातो. वाहने एकमेकांना ऐकू येत नसतील, एक टेकडीच्या या बाजूला आणि दुसरे त्या बाजूला असेल, तर तक्रार थेट पाठवणाऱ्याकडे धाडण्याची सोय आहे आणि आलेल्या तक्रारींचा गोषवारा पाठवणारा सर्वांना परत ऐकवतो, म्हणजे मौन पाळणाऱ्यांना ते पाळता येते. ज्यांनी हे लिहिले त्यांनी खऱ्या डोंगरात संच घेऊन दिवस काढलेले असावेत, असे अशा ठिकाणी वाटते.

यानंतर खऱ्या संचांची पाळी आली आणि तेथे माझी तक्रार नॉर्मविषयी नाही. एका उत्पादकाकडून चार संच उसने मिळाले होते, त्यांच्या माहितीपत्रकात मल्टिकास्ट चालते असे ठळक छापले होते, आणि दोन संचांत सर्व सुरळीतही चालले. तिसरा लावला तशी वाहिनी भरू लागली, चौथा लावताच फाइल रांगू लागली. दोन दिवस मी नॉर्मच्या सेटिंगशी झगडलो, आणि मग स्पेक्ट्रम पाहणाऱ्या एका सहकाऱ्याने दाखवले की संच हवेत प्रत्येक पॅकेट तीनदा सोडत आहे. तो संच मल्टिकास्टचे एकेक पॅकेट घेऊन आपल्या प्रत्येक शेजाऱ्याला वेगळी प्रत पाठवत होता, आणि तीही प्रत्येकाकडून आपली खासगी पोच घेऊन. वायफायच्या घराण्यातून आलेल्या संचांत ही सवय असते आणि घरातल्या पाच-सहा यंत्रांपुरती ती चालूनही जाते. लष्करी जाळ्यासाठी संच घेणाऱ्यांनी माहितीपत्रकातला मल्टिकास्ट हा शब्द वाचून समाधान मानू नये. चार संच लावावेत, एकाने पाठवावे आणि हवेत किती प्रती जातात ते मोजावे. एकाहून अधिक टप्प्यांच्या फिरत्या जाळ्यात मल्टिकास्ट पुढे नेण्याची पद्धत आरएफसी ६६२१ मध्ये २०१२ सालीच लिहून ठेवलेली आहे आणि तिचा चालता प्रोग्रामही याच प्रयोगशाळेने खुला केलेला आहे. तो मी संचांच्या मागच्या छोट्या संगणकांवर बसवला आणि टप्प्यांचा प्रश्न मिटला, प्रतींचा मिटला नाही.

आता नॉर्मचे दोष, आणि ते किरकोळ नाहीत. या प्रोटोकॉलची जवळपास सगळी घड्याळे एका अंदाजावर चालतात: सर्वांत दूरच्या ग्राहकाकडे जाऊन परत यायला किती वेळ लागतो. सुरुवातीचा अंदाज अर्ध्या सेकंदाचा असतो, पुढे तो मोजमापाने सुधारत जातो, आणि एक मायक्रोसेकंद ते १,००० सेकंद एवढ्या पल्ल्यातला कोणताही काळ त्याच्या एका बाइटमध्ये बसतो, ही रचना सुंदरच आहे. पण हा अंदाज मोठा झाला की बाकीचे सगळे त्याच पटीत लांबते. फाइल संपल्यावर पाठवणारा ‘संपले, कोणाचे काही राहिले आहे का’ अशी हाक देतो. ही हाक मूळ सेटिंगमध्ये वीस वेळा दिली जाते आणि दोन हाकांमध्ये त्या अंदाजाच्या दुप्पट काळ असतो. अंदाज अर्ध्या सेकंदाचा असेल तर वीस सेकंदांत सर्व आटोपते. तोच दहा सेकंदांवर गेला तर नुसत्या हाका मारण्यात ४०० सेकंद, म्हणजे जवळपास पावणेसात मिनिटे जातात, आणि सगळ्यांकडे फाइल पोहोचून बराच वेळ झालेला असतानाही पाठवणारा प्रोग्राम काम संपल्याचे सांगत नाही. ठरावीक ग्राहकांकडून शेवटची एक पोच मागून हे लवकर संपवता येते, हाकांची संख्याही कमी करता येते, पण हे मूळ सेटिंगवर विसंबलेल्या माणसाला कळणार कसे? सोबतची विकसकांसाठीची पुस्तिका सविस्तर आहे, प्रत्येक फंक्शनचे वर्णन तीत सापडते, मात्र सेकंदाला १६ किलोबिटच्या वाहिनीवर कोणते आकडे ठेवावेत असा सरळ प्रश्न घेऊन गेलेल्याला तेवढेच सरळ उत्तर मिळत नाही.

वेगाच्या नियंत्रणाबाबत माझे मत थोडे अधिक कडक आहे. सुरुवातीला मी गर्दी ओळखून वेग आपोआप ठरवण्याची सोय चालू ठेवली होती. ती सर्वांत मंद ग्राहकाच्या मागे चालते: ज्या वाहनाची स्थिती सर्वांत वाईट त्याचे म्हणणे प्रमाण मानून सर्वांचा वेग ठरतो. सार्वजनिक इंटरनेटवर हे सभ्यपणाचे आहे. माझ्या आभासी मैदानात मात्र एक वाहन टेकडीआड ओढताच एकोणीस चांगल्या वाहनांचाही वेग उतरू लागला, म्हणजे टीसीपीच्या ज्या खोडीला कंटाळून येथे आलो तीच मागच्या दाराने घरात शिरली. नुकसानीकडे दुर्लक्ष करून फक्त राउटरने दिलेली गर्दीची खूण मानायची, अशीही सोय लायब्ररीत आहे, पण ती खूण देणारे संच हाताशी असले तर. शेवटी मी वेग हाताने ठरवला, वाहिनीच्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास, आणि तोच ठेवला. यात धोका उघड आहे. त्याच वाहिनीवर त्याच क्षणी कोणाचे बोलणे चालू असेल तर नॉर्मला त्याची फिकीर नसते, आणि जखमींना हलवण्याची विनंती नकाशाच्या तुकड्यांमागे अडकून चालत नाही. संचात किंवा राउटरमध्ये प्राधान्याच्या वेगळ्या रांगा लावल्याशिवाय ठरावीक वेगाने नॉर्म सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दूर पल्ल्याच्या एचएफ संचांवर मी ते फार काळ चालवले नाही, आणि चालवावे असा सल्लाही देणार नाही. तेथे साधारण ३ किलोहर्ट्झची वाहिनी असते, अनेक लष्करी मोडेम तीतून सेकंदाला ९,६०० बिटांपर्यंत काढतात, आणि स्टॅनॅग ५०६६ या नाटो मानकानुसार एक बाजू एका दमात १२७.५ सेकंदांपर्यंत बोलत राहू शकते. समोरच्याने मध्ये तक्रार करायची म्हटले तरी दोन मिनिटे तोंड उघडता येत नाही. शिवाय त्या मानकात हरवलेले तुकडे पुन्हा पाठवण्याची स्वतःची सोय आहेच. दोन कारकून एकाच जावकवहीत नोंदी करू लागले तर जे होते तेच तेथे होते: खालचा थर गुपचूप पुन्हा पाठवत राहतो, वरच्या थराला फक्त उशीर दिसतो, तो आपला अंदाज वाढवतो, आणि मग दोघेही एकमेकांची वाट पाहतात. एचएफवर खालच्या थराची पुन्हा पाठवण्याची सोय बंद ठेवूनच नॉर्मचा विचार करावा, नाही तर त्या वाहिनीसाठी मुद्दाम बेतलेली संदेशप्रणाली वापरावी.

छोट्या संदेशांसाठीही हे साधन नव्हे. वाहनाचे स्थान सांगणारा काही बाइटांचा संदेश दर दहा सेकंदांनी जात असेल तर एक हरवल्यास दुसरा येतोच, आणि शिळे स्थान भरवशाने मिळवण्यात अर्थ नसतो. त्यात आयपी आणि यूडीपीच्या हेडरांचे २८ बाइट आणि वर नॉर्मचा स्वतःचा हेडर, म्हणजे पाकिटाचे वजन चिठ्ठीहून अधिक. सुरक्षिततेचे म्हणाल तर लायब्ररी स्वतः काहीही सांकेतिक करत नाही; आयपीसेक ही पॅकेटे सांकेतिक करणारी पद्धत किंवा सांकेतीकरणाचे यंत्र खाली आहे हे तिने गृहीत धरलेले आहे, आणि ते नसेल तर कोणीही खोट्या तक्रारी पाठवून पाठवणाऱ्याला भरपाईच्या कामाला जुंपू शकतो. पायथनचा जोड नमुना तयार करण्यास उत्तम आहे, प्रत्यक्ष वापरासाठी मी सीचाच मार्ग धरला. लायब्ररी बांधताना तिच्या सोबतीची प्रोटोलिब ही लायब्ररी बहुतेक वेळा आपोआप येते, एकदा आली नाही. त्यावर अर्ध्या तासाहून अधिक वेळ गेला नाही.

ज्या एका गोष्टीसाठी मी हे साधन सांभाळून ठेवणार आहे ती मात्र अजून सांगितलेली नाही. लष्करात असा प्रसंग नेहमी येतो की एखाद्या तुकडीने ऐकायचे, पण एक अक्षर बोलायचे नाही, कारण प्रक्षेपण केले की दिशा शोधणारा शत्रू तिची जागा काढतो. टीसीपी येथे पहिल्या पावलालाच बाद होते, कारण तीन टप्प्यांचे हस्तांदोलन झाल्याशिवाय ते एक बाइट पुढे सरकवत नाही. नॉर्ममध्ये मूक ग्राहक ठेवता येतो. त्याच्या तक्रारीची वाट न पाहता पाठवणारा प्रत्येक गटाबरोबर भरपाईचे काही तुकडे आधीच जोडून देतो. ६४ च्या गटाला १६ भरपाईचे तुकडे जोडले आणि दहा टक्के हरवणार असतील, तर ८० पैकी ७२ च्या आसपास हाती लागतात आणि गट पुरा व्हायला ६४ पुरतात. हजारात एखाददुसराच गट अपुरा राहील. हरवण्याचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले की मात्र ८० पैकी सरासरी बरोबर ६४ च मिळतात, म्हणजे जवळपास निम्मे गट अडतात, आणि सोळा गटांची माझी फाइल एका खेपेत पुरी होणे जवळजवळ अशक्य ठरते. शिवाय टेकडी काही फासे टाकून पॅकेटे गिळत नाही, ती सलग गिळते, तेव्हा हा हिशेबही उदारच म्हणायचा.

त्यावरचा इलाज लायब्ररीत तयार आहे: तीच फाइल त्याच ओळखक्रमांकानिशी पुन्हा रांगेत लावायची, म्हणजे मूक ग्राहक पहिल्या खेपेतले तुकडे टाकून न देता दुसऱ्या खेपेत फक्त उणीव भरून घेतो. मी एका आभासी वाहनाला मूक केले, हरवण्याचे प्रमाण वीस टक्के ठेवले आणि फाइल दोनदा सोडली. एकोणीस बोलक्या वाहनांनी आपापल्या तक्रारी करून पहिल्याच खेपेत फाइल पदरात पाडून घेतली. विसाव्याविषयी पाठवणाऱ्याच्या पडद्यावर शेवटपर्यंत काहीच उमटले नाही, उमटायला नकोच होते. दुसरी खेप संपल्यावर मी त्या वाहनाच्या फोल्डरमध्ये जाऊन पाहिले तेव्हा फाइल तेथे होती, आणि मूळ फाइलशी ताडून पाहिली तर एकही बाइट वेगळी नव्हती.